पोळी-भाजी केंद्राचे तीन मालक

‘मालक’ हा शब्द वाचून तुमचं डोकं तापत नाही का? माझं तापतं. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा कामगार चळवळीची पत्रकं जास्त होती, त्याचा हा परिणाम.

घाटकोपरला माझी आई शेजारच्या दोन मावश्यांबरोबर पोळी-भाजी केंद्र चालवते. ऑनलाइन नकाशावर त्याचं पान मी बनवलं, तर मोबाइलने मलाच ‘मालक’ ठरवलं. पोळ्या त्यांनी लाटायच्या आणि मालक मी? मी तिघींना मालक केलं आणि तत्त्व म्हणून स्वतःचं नाव काढून टाकलं.

आठवड्याभरात गिऱ्हाइकं गायब. पोळ्यांची चवड तशीच. पान उघडलं, तर त्यावर ‘कायमचे बंद’!

“मीच केलं,” पोळ्या लाटणाऱ्या मावशी म्हणाल्या. “पानावर नंबर माझा. दोन ते चार मी झोपते, तेव्हाच लोक फोन करतात.”

“अगं, पण कायमचं?” आई ओरडली.

“मग? झोप मला रोजच लागते ना!”

आई माझ्याकडे वळली. “झाली तुझी क्रांती? आता या पोळ्या तूच खा.”

“मला परत आत घ्या, लगेच उघडते,” मी म्हटलं.

“असं कसं गं? अर्ज लिही,” भाजी करणाऱ्या मावशी म्हणाल्या. “आम्ही मतदान घेऊ. तूच शिकवलंस ना?”

आयुष्यातलं सर्वांत नम्र पत्रक मी त्या दिवशी लिहिलं. ते मंजूर झालं, पण मालक म्हणून नव्हे, फक्त व्यवस्थापक म्हणून.

केंद्र आता उघडं आहे. जरूर या. फक्त दोन ते चार फोन करू नका. मालक झोपलेल्या असतात.