अभद्र बोलणारे भाऊजी

आमच्या भाऊजींना लग्नाचं आवतण देताना माणसं हात जोडत, "या, पोटभर जेवा, पण बोलू नका." कारण मांडवात पाय ठेवला की भाऊजी थेट आचाऱ्याकडे जात. "हा भात करपला त दुसरा किती वेळात होते?" मग वीजवाल्याकडे. मग नवरदेवाच्या बापाकडे, "पोरगी ऐनवेळी नाही म्हणाली त पाहुण्यायचं काय ठरवलं?" आम्ही बौद्ध माणसं. मुहूर्त पाहत नाही, पत्रिका जुळवत नाही. पण लग्नघरी कोणी अभद्र बोललं की आमच्याही बायका कडाकडा बोटं मोडतात.

दिघोरीला माझ्या मामेबहिणीच्या लग्नात मामा शेवटी भडकले. "जावईबापू, शुभ बोला ना जी!"

"शुभच बोलून राहिलो, मामाजी. मांडव पेटला त पंगत शाळेच्या व्हरांड्यात बसते. मी चाबी आणून ठेवली." आणि भाऊजींनी खरोखर खिशातून शाळेची चाबी काढून दाखवली. मांडव हसून लोळला. मामा तेवढे हसले नाहीत.

भाऊजी मूळचे आसगावचे, नोकरीला मुंबईत, एका विमान कंपनीत. ताईला पाहायला आले तेव्हा आमच्या बाबांनी मिशीवर हात फिरवत चौकशी सुरू केली. बाबा तेव्हा असे बसले होते, की जणू विमानंच विकत घ्यायची आहेत.

"विमान चालवता?"

"नाही जी."

"मंग दुरुस्त करता?"

"नाही. समुद्रावर त्याचं एक इंजिन बंद पडलं, त कोणत्या विमानतळावर न्यायचं, ते निघायच्या आधी ठरवून देतो."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे बंद पडते?"

"सहसा पडत नाही."

"मंग पगार कायचा देतात?"

भाऊजी हा किस्सा रंगवून सांगत आणि शेवटी म्हणत, "साळेबुवा, तुमच्या बाबांनी बैठकीत विचारलं, तेच कंपनीनं पुढं इंग्रजीत विचारलं."

त्यांचं काम मला त्यांनी शेताच्या धुऱ्यावर बसून समजावलं. दोन इंजिनांचं विमान तासन् तास समुद्रावरून जातं. त्या वाटेवर कुठेही एक इंजिन गेलं, तर उरलेल्या एकावर ठरलेल्या वेळेच्या आत कुठल्या तरी धावपट्टीला टेकता आलं पाहिजे. म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांची बेटं, किनारे, तिथले विमानतळ आधीच हेरून ठेवायचे. धावपट्टी पुरेल का, आगीचा बंब आहे का, त्या वेळी विमानतळ उघडा असेल का. हे सगळं पाहून भाऊजींची सही होई, मग कॅप्टनची, आणि मगच विमान हलत असे.

"आत्ताची हवा सांगू नका, आपण पोचू तवाची सांगा," हे त्यांचं लाडकं वाक्य. बेटावर आता लख्ख ऊन असेल, पण विमान तिथं वळायची पाळी येईल तेव्हा वादळ असेल, तर ते ऊन काय कामाचं? हाच न्याय ते घरातही लावत. सुट्टीत ताई आधी माहेरी येई; हे मागून निघाले की रेल्वेतून मला फोन करत, "तुमची ताई आत्ता कशी आहे ते नका सांगू. मी भंडाऱ्याले उतरीन तवा कशी राहील?" मी ताईच्या हातातली भांडी आपटण्याच्या आवाजावरून अंदाज वर्तवत असे. तो बहुधा खरा ठरे.

ज्या बेटांवर त्यांनी हजारो माणसं मनातल्या मनात उतरवली, त्यांतलं एकही त्यांनी पाहिलं नव्हतं. पण बोलत अशा थाटात, की जणू नेहमीचा सिहोऱ्याचा बाजार. "तिथं पट्टी झकास आहे, पण तीनशे माणसं उतरली त संडास चारच. लेकरं आहेत, म्हाताऱ्या बाया आहेत. त्यायनं कुठं जावं?" नियमात संडास मोजत नसत. भाऊजी मोजत.

आता कडू घास. एका लांबच्या उड्डाणाला वाटेत एकच सोयीचं बेट होतं. विमान तिकडे वळवायची वेळ येईल त्या सुमाराला तिथं आडवा वारा सुटणार होता, अगदी मर्यादेच्या काठाला. भाऊजी म्हणाले, हे बेट सोडा, वाट थोडी वळवून दुसरा विमानतळ धरा. त्यात इंधन जास्त लागणार, थोडा माल उतरवावा लागणार, उशीर होणार.

साहेब म्हणाले, "मर्यादा ओलांडली का?"

"नाही."

"मग अडचण काय?"

"साहेब, विहिरीच्या काठावर खाट टाकून कोणी झोपते का?"

साहेबांना विहीर कळली नाही. भाऊजींनी सही केली नाही. शेजारच्या टेबलावरच्याने केली. विमान उडालं.

त्या दिवशी भाऊजी घरी आले आणि मोबाइलवरच्या नकाशात ते इवलंसं विमान बघत बसले. ताईने ताट वाढलं, ते तसंच राहिलं. ती सांगते, त्यांचे ओठ हलत होते. ज्याची अख्खी नोकरी त्या सहीला टांगली होती, तो माणूस आपण चुकीचे ठरावं म्हणून जीव टांगून बसला होता. विमान पोचलं, तेही वेळेच्या आधी. "चला, पोचले सगळे," म्हणाले, डोळे पुसले आणि थंड झालेला भात जेवले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, कुठं पडलं तुमचं विमान?" सगळे हसले. हसणाऱ्यांत सही करणाराही होता. मग भाऊजींना खिडकी नसलेल्या खोलीत नव्या पोरांना शिकवायला बसवलं, मग पोरं पाठवणं बंद केलं, मग राजीनामा देता का म्हणून प्रेमाने विचारलं.

भाऊजी आसगावला परतले. माझं तिथं जाणं-येणं असे, माझं ऐकून गावही त्यांना भाऊजीच म्हणू लागलं आणि स्वागत आपल्या पद्धतीने केलं. चौकात कोणी म्हणे, "भाऊजी, चार म्हशी घ्या. विमान नाही त म्हशी अडवा." मी पेटून उठे. बेट, वारा, काठ असं सगळं हातवारे करून सांगे. लोक माझा अभिनय मन लावून पाहत आणि शेवटी विचारत, "पण कंपनीचं नुकसान कायले करावं, भाऊ?" मला सांगता येत नसे. न घडलेला अपघात दाखवायचा कसा? चौकात आणून ठेवता येतो का?

भाऊजी चिडत नसत, त्यामुळे मी दुप्पट चिडे. "तुम्ही बरोबर होता, हे एकदा तरी म्हणा ना!"

"मी बरोबर होतो हे दिसाले, साळेबुवा, तीनशे माणसं पाण्यात पडा लागत होती. मले ते कधीच नव्हतं पाहिजे." एवढं बोलून ते बांधीत उतरले आणि धानातलं गवत उपटू लागले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. ती मला बरी दिसली नाही.

यंदा उन्हाळ्यात भाऊजी गेले, साध्या तापाचं निमित्त होऊन. विहारात आदरांजलीची सभा झाली. साहेबांचा मोबाइलवर निरोप आला होता, तो वाचून दाखवला गेला: 'त्यांच्या सावधपणाचा वारसा आम्ही जपतो आहोत.' मग गावचे पुढारी उठले आणि गहिवरून म्हणाले, "भाऊजींनी एवढी वर्षं विमानं चालवली, पण एक अपघात होऊ दिला नाही!"

ताई कधी सभेत बोललेली नाही. ती बसल्या जागेवरून उठली.

"दादा, यायनं विमान नाही चालवलं. यायनं जलमभर मन लावून एकच विमान अडवलं. अन् तेच गेलं."

लोकांना वाटलं, बाई नवऱ्याची थोरवी सांगून राहिली. मागून कोणीतरी, विहारात चांगल्या बोलाला अनुमोदन देतात तसं, भक्तिभावाने म्हणालं, "साधू, साधू."