पाठीला भिंत

शाळेच्या बसची ड्रायव्हरबाई एके काळी सैन्यात होती, हे तिच्या बसमधल्या पोरांना ठाऊक नव्हतं आणि पोरांच्या आईबापांनाही नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक, की बाई सात वाजून दहा मिनिटं म्हणाली म्हणजे सात वाजून दहा मिनिटं. अकरावं मिनिट लागलं की बस पुढच्या कोपऱ्यावर पोचलेली असायची. उशिरा येणाऱ्या आया तिला पाठीमागे "जल्लाद" म्हणत, वेळेवर येणाऱ्या "ताई".

एकोणिसाव्या वर्षी ती ट्रक चालवायला भरती झाली होती. बापाचा मालवाहू टेम्पो होता, त्यावर हात बसलेला. नऊ वर्षं तिनं डोंगरातल्या रस्त्यांवरून रेशन, डिझेल, तंबू आणि कधीकधी जखमी माणसं वाहिली. मग ती घरी आली, एका शिंप्याशी लग्न केलं, मुलगी झाली आणि पुढे बसचं स्टिअरिंग हाती आलं. त्या नऊ वर्षांबद्दल कुणी विचारलंच तर म्हणायची, "रस्ते फार खराब होते." की विषयाला कुलूप.

वसाहतीच्या बागेत माजी सैनिकांचं स्मारक करायचं ठरलं, तेव्हा समितीचे अध्यक्ष तिच्या दारात येऊन उभे राहिले. हे निवृत्त हेडमास्तर. निम्मी वसाहत त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"बाई, यादीत तुमचं नाव सापडलं," ते म्हणाले. "आम्ही तर चाटच पडलो."

"टायपिंगची चूक असेल, सर."

"चूक कसली!" शिलाई मशीनवरून मान वर न करता नवरा म्हणाला. "गणवेश ट्रंकेत आहे. दरवर्षी मीच उन्हात घालतो, कसर लागू नये म्हणून."

तिनं डोळे वटारले, पण आता उपयोग नव्हता. हेडमास्तर गेल्यावर नवरा म्हणाला, "अगं, एकदा जाऊन तर ये. नाही पटलं तर पुन्हा जाऊ नको. तिथं काय कुणी तुला बांधून ठेवणारे?"

बैठक वाचनालयात होती. टेबलावर नकाशा पसरला होता आणि तो होताही देखणा. बागेतल्या गोल हिरवळीच्या मधोमध उंच चौथरा, चढायला सात पायऱ्या, वर दगडी खांब. नकाशा काढणारी आर्किटेक्ट तिशीची, कमी बोलणारी. खांबावर कोरायला हेडमास्तरांनी स्वतः कविता केली होती, चांगली सोळा ओळींची. ती त्यांनी दोनदा वाचून दाखवली. नमनालाच घडाभर तेल गेल्यावर मग दगड काळा की करडा यावर तासभर खल झाला. ड्रायव्हरबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "सर, या सात पायऱ्या चढणार कोण?"

"कोण म्हणजे? ज्यांच्यासाठी स्मारक ते सैनिक!"

"यादीत हयात बाराजण. त्यातल्या सहाजणांचे गुडघे गेलेत. एकाला डावा पायच नाही. एक अंथरुणाला खिळलाय."

हेडमास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग काय, खड्ड्यात करायचं म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. त्यांना विचारा."

"विचारलं की! घरोघर फॉर्म पाठवले. तीन परत आले. तिन्हींवर लिहिलंय, 'समिती ठरवेल ते मान्य.'"

"सैनिकाला लेखी विचारलं की तो मान्यच लिहितो, सर. त्यांना जागेवर नेऊन विचारा."

"आणि न्यायचं कसं सगळ्यांना?"

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. आपलाच पाय आपण सापळ्यात घातला हे तिच्या ध्यानात आलं, पण बोलून तर बसली होती. "रविवारी बस उभीच असते," ती म्हणाली. "शाळेला विचारते."

शाळेनं परवानगी दिली. रविवारी सकाळी ती घरोघर बस घेऊन फिरली आणि दहा जणांना गोळा केलं. सगळ्यांत वडील तोफखान्यातले एक काका, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, एका कानानं पार बहिरे. ते तिच्या शेजारची पुढची सीट अडवून बसले. "इथून मी हलायचा नाही," त्यांनी बजावलं. "तोफखाना कायम मागे असतो. जन्मभर मागेच बसलोय."

बागेत आर्किटेक्टनं हिरवळीवर फक्कीनं चौथऱ्याचं मोठं वर्तुळ आखून ठेवलं होतं. हेडमास्तर वर्तुळात उभे राहिले आणि हातवारे करून खांब कुठे, पायऱ्या कुठे ते समजावून सांगू लागले. म्हातारे शिस्तीत ऐकत राहिले, माना डोलावत राहिले. मग हेडमास्तर म्हणाले, "आता हवं तिथं बसा. चहा येतोच आहे."

जो तो आपल्या चालीनं निघाला. कुणी काठी टेकत, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून. कारंज्याजवळ बाकं होती, त्यांच्यापाशी कुणी थांबलं नाही. झाडाखाली मोठा दगडी पार होता, तोही मागे पडला. झोपाळे ओलांडून दहाही जण बागेच्या पार टोकाला, जुन्या पंपघराच्या भिंतीपाशी गेले. भिंतीला लागून सिमेंटचा बुटका कट्टा होता. त्यावर ते खांद्याला खांदा लावून बसले. एवढ्या मोठ्या हिरवळीवर, फक्कीच्या वर्तुळात, एकटे हेडमास्तर उरले. त्यांच्या हातात कवितेचा कागद होता.

"सावली हवी असेल त्यांना," ते जरा ओशाळून म्हणाले.

"सावली पारावरही आहे," आर्किटेक्ट म्हणाली. ती ड्रायव्हरबाईकडे बघत होती. "तुम्हीसुद्धा दुपारी तिथंच बसून डबा खाता ना? समोरच माझं ऑफिस आहे. रोज बघते."

चौदा वर्षं ती सकाळच्या आणि दुपारच्या फेरीच्या मध्ये तिथं डबा खात आली होती. नळ जवळ आहे म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

"तिथं पाठीला भिंत आहे, सर," मग ती म्हणाली. "आणि समोर फाटक दिसतं. कोण आलं, कोण गेलं, सगळं कळतं. इथं मधोमध उभं राहिलं की चारी बाजू उघड्या. आम्हाला इथं धड श्वासही घेता येत नाही."

आम्हाला, असं ती म्हणाली. सैनिकांबद्दल बोलताना घरीसुद्धा हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता.

"ए पोरी, उभी काय राहिलीस?" तोफखानेवाल्या काकांनी लांबून हाक मारली. "ये, जागा आहे."

ती जाऊन त्यांच्या शेजारी, त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसली. काकांनी चहाचा घोट घेतला आणि हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "तुझ्याबरोबर कोण होतं?"

तिला प्रश्न बरोबर कळला. "जोडीदार ड्रायव्हर होता," ती म्हणाली. "गाणी म्हणायचा. बेसूर म्हणजे किती बेसूर! मी म्हणायची, गप बस, नाहीतर दरड कोसळेल." तिनं फाटकाकडे पाहिलं. "मग एक दिवस खरंच कोसळली. त्याच्या बाजूनं. मी चालवत होते."

काकांनी आपला जाडजूड हात तिच्या हातावर ठेवला. मग विचारलं, "यादीत आहे का तो?"

"नाही. तो कुठे या गावचा होता!"

"माझे चौघंही या गावचे नव्हते."

"माझे दोन," पलीकडून एक पाय नसलेला म्हणाला. मग त्याच्या पलीकडचा बोलला, मग त्याच्याही पलीकडचा. आर्किटेक्ट गवतावर मांडी घालून बसली आणि लिहून घेऊ लागली. चहा गार झाला, पुन्हा आणला, तोही गार झाला.

पुढच्या बैठकीत हेडमास्तर उभे राहिले. "अडतीस वर्षं मी वर्ग घेतले," ते म्हणाले. "पोरं कुठे बसतात ते आधी बघावं आणि मग शिकवावं, हे मला कळत होतं. इथं मात्र मी आधी फळाच लिहून मोकळा झालो. चौथरा रद्द. स्मारक पंपघराच्या भिंतीवर."

एकानं हरकत घेतली, की रस्त्यावरून ते दिसणार नाही. "फाटकातून आत आलं की दिसेल," आर्किटेक्ट म्हणाली, आणि नवा नकाशा उलगडला. भिंतीवर गावातल्या सैनिकांची नावं. त्यांना लागूनच, तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत, त्यांच्याबरोबर असलेल्या परगावच्या माणसांची. खाली लांबलचक कट्टा आणि पायऱ्यांऐवजी व्हीलचेअर सहज जाईल असा उतार. हात वर झाले, ठराव मंजूर झाला. सोळा ओळींची कविता वाटाघाटी होत होत दोन ओळींवर आली. हेडमास्तरांनी पुढे हळूच तिसरी घुसवली आणि कुणी पाहूनही पाहिलं नाही.

नावं गोळा करायचं काम ड्रायव्हरबाईकडे आलं. दुपारची फेरी संपली की ती वही घेऊन एकेकाच्या घरी जायची. फॉर्मवर "मान्य" एवढाच शब्द लिहिणारी माणसं आता दोन-दोन तास बोलत. अंथरुणाला खिळलेल्या गृहस्थानं तर सात नावं सांगितली आणि आठवं आठवेना म्हणून बायकोवर चिडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फोन करून तेही सांगितलं.

स्वतःच्या वाट्याचं एक नाव लिहायला मात्र तिला महिना लागला. त्याच्या आडनावाच्या वेलांटीबद्दल तिला खात्री नव्हती, आणि दगडावर चुकीचं कोरलं तर ते कायमचं. जुन्या पत्त्यावर तिनं त्याच्या बहिणीला पत्र टाकलं. मी कोण, कुठे होते, कशासाठी विचारते, सगळं लिहिलं. मुलीनं पत्र पोस्टात टाकण्याआधी वाचायला मागितलं, तर ती नाहीही म्हणाली नाही. मुलगी वाचताना ती ओट्याशी पाठमोरी भांडी घासत राहिली. वाचून झाल्यावर मुलगी मागून येऊन बिलगली, तेव्हा आई म्हणाली, "अगं, हो हो, हात साबणाचे आहेत."

उत्तर यायला तीन आठवडे लागले. वेलांटी दुसरी होती. बहिणीनं खाली लिहिलं होतं, "इतक्या वर्षांत कुणी त्याचं नाव विचारलं नव्हतं. तुमचं तो घरच्या पत्रांतून फार सांगायचा, तुम्हाला त्याचं गाणं आवडायचं म्हणून. उद्घाटनाला आम्ही पाच जण येऊ. रस्ता कळवा."

ड्रायव्हरबाई खुर्चीत बसून एकटीच हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. नवऱ्यानं मशीन थांबवलं.

"काय लिहिलंय?"

"मेला थापाड्या होता," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, आणि लिहायला कागद शोधू लागली. "अहो, त्यांना रस्ता कशाला कळवायचा? स्टेशनवर मीच बस घेऊन जाते."