व्हिजिटेशनला मी काय बोलले

सिस्टर बदलून गेल्या त्या माझ्या बोलण्यामुळे, असं मी वर्षभर मनात धरून होते. पोळ्या लाटताना तेच, पडदे पिळताना तेच. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी 'हो' म्हणालं असतं, याची भीती होती.

मी बुलढाण्याकडची. सहावीत शाळा सुटली, कारण आई अंथरुणाला लागली आणि घरात मोठी मीच. लग्न होऊन इंदूरला आले. नवरा सियागंजात किराणा मालाच्या गोदामात होता, आणि खोली जुनी इंदूर भागात, नदीकाठच्या बस्तीत. चौथ्या वर्षी तो दुसऱ्या शहरात काम बघून येतो म्हणून गेला. अजून बघतोच आहे. माहेर लांब, तिथे भावजयीचं राज्य. इथे राहायचं तर कशाच्या जोरावर, असं चाललेलं असताना सिस्टर बस्तीत यायच्या. त्यांनी मला कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात लावलं आणि धुण्याच्या दगडामागची खोली दिली. तिच्या दाराला आतून कडी होती. पहिल्या रात्री मी ती तीनदा काढून पुन्हा लावून बघितली.

मी त्यांच्या धर्माची नाही. माझ्या खोलीत कोनाड्यात माझी देवी आहे, आणि आजवर कुणी तिच्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. चिडवायची ती बस्तीतली मावशी. ही मावशी सियागंजात मिरच्या निवडायला जाते. दिवसभर मिरचीत हात, त्यामुळे जीभही तशीच.

"काय गं, पोळी गोल करतेस ना अजून? का तिचाही क्रूस करतेस?"

"तू ये एकदा खायला, मग बघ."

"नको बाई. तुमच्याकडे जेवायच्या आधी उभं राहावं लागतं म्हणे. माझे पाय दुखतात."

चार सिस्टरांचं ते घर. तिथे सगळं घंटेवर चालतं. पहाटेची प्रार्थना, मग मिस्सा म्हणजे त्यांची रोजची पूजा, नाश्ता, मग ज्याचं त्याचं काम. एक शाळेत जायची, एक दवाखान्यात. मोठ्या सिस्टर घराच्या प्रमुख, सत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार. आणि मला आणलं त्या आमच्या सिस्टर बस्तीतल्या बायकांच्या कामाला. संध्याकाळी साडेसहाला चौघींनी चॅपलमध्ये, म्हणजे घरातल्या प्रार्थनेच्या खोलीत, जमायचं आणि साडेसातला एका टेबलावर जेवायचं, हा त्यांचा नियम. मला आधी वाटायचं, प्रार्थना काय, कधीही करता येते. मग हळूहळू कळलं की एकत्र बसणं हेच त्यांच्यात मोठं काम आहे. बाकीची कामं त्यानंतर.

अडचण अशी की बस्तीतल्या बायका घरी सापडतात त्या साडेसहानंतरच. कुणी गोदामात असते, कुणी चार घरची धुणीभांडी करते. म्हणून आमच्या सिस्टरांना मंगळवार आणि शुक्रवार अशी दोन दिवसांची परवानगी होती. त्या दोन दिवशी प्रार्थना चुकली तरी चालेल. सिस्टर जायच्या मात्र रोज. रविवार सोडला तर रोज. घंटा झाली की मोठ्या सिस्टर त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा बघायच्या आणि पुस्तक उघडायच्या. त्यांनी कधी विचारलं नाही, म्हणून आमच्या सिस्टरांना कधी सांगावं लागलं नाही. सहा वर्षं असंच चाललं.

सिस्टर मूळच्या केरळच्या. मराठी आमच्याकडूनच शिकल्या, ती पण बस्तीतली, अर्धी हिंदी. "ताई, अपने को आज लवकर निघायचं हं," असं बोलायच्या. इंदूरचं पाणी असं लागलं होतं की पेजेवरसुद्धा शेव घालून खायच्या. मावशीच्या अंगणात पाट टाकून बसायच्या. एकीचे दवाखान्याचे कागद वाचून दाखवायच्या, दुसरीचं बीपी बघायच्या, तिसरी नुसतीच रडायला आलेली असायची. मावशीच्या हातांची आग व्हायची, तर तिच्या तळव्यांना दही चोळून द्यायच्या. मी पिशवी धरून बाजूला. पुढे मलाही बीपीचं मशीन लावायला शिकवलं, आणि माझ्याकडून रोज अर्धं पान लिहून घ्यायला लागल्या. काय लिहू म्हटलं तर म्हणायच्या, "आज काय शिजवलं ते लिही." आज हे चार शब्द लिहितेय ते त्या अर्ध्या पानांमुळे.

हे बायकांचं काम धर्मप्रांताकडून चालायचं. दर काही महिन्यांनी बिशपांच्या तिथे सगळ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची बैठक असायची. तिथून आमच्या सिस्टर चिडून यायच्या. "विचारतात, कार्यक्रम किती घेतले? काय सांगू, मावशीच्या अंगणात बसले? त्याचा फोटो पण नाही." मग स्वतःच हसायच्या आणि चपला घालून बस्तीत निघायच्या.

सहा वर्षं झाली की सिस्टरांची बदली होते, हे बायकांना कुठून तरी कळलं होतं. मोठ्या सिस्टरांनी एक वर्ष वाढवून मागितलंय, हेही कळलं होतं. त्यामुळे त्या वर्षी व्हिजिटेशनची वाट बस्तीतच जास्त बघत होते. व्हिजिटेशन म्हणजे त्यांच्या संघाच्या सगळ्या कॉन्व्हेंटवरच्या प्रमुख मदर वर्षातून एकदा येतात, तीन दिवस राहतात आणि घरातल्या प्रत्येकीला एकेक करून भेटतात. आमच्या घरी रीत अशी की स्वयंपाकीणबाईलाही बोलावतात.

मावशीनं मला बजावून ठेवलं होतं. "तुला आत घेतील ना? मग तोंड उघडून बोल. चांगलं बोल. नाहीतर बसशील मुक्यासारखी, आणि वरून म्हणशील मला कुणी विचारलंच नाही."

मदरना साखरेचा आजार म्हणून मी ज्वारीच्या भाकऱ्या केल्या होत्या. त्यांनी आधी त्याचं कौतुक केलं. मग विचारलं, इथे ठीक आहे ना, काही त्रास? मी ठरवूनच गेले होते. आमच्या सिस्टर किती करतात ते सांगायला लागले आणि थांबताच येईना.

"हफ्ते में दो दिन जाती हैं न?" मदर म्हणाल्या.

"दोन कुठले मदर, रोज येतात. एक दिवस चुकत नाहीत. ताप होता तरी आल्या. कधी कधी तर जेवायलाही परत येत नाहीत, मावशीकडेच भाकरी खातात."

"रोज?"

"रोज," मी म्हटलं. केवढ्या अभिमानानं म्हटलं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मदरनी पेनाला टोपण लावलं. "अच्छा," म्हणाल्या.

मला कळलं ते संध्याकाळी. साडेसहाची घंटा झाली, मी कंदमुळांची भाजी घेऊन चॅपलवरून जात होते, आणि दार उघडं होतं. आत मदरांच्या शेजारी चारही खुर्च्या भरलेल्या. रविवार सोडला तर आमच्या सिस्टरांना त्या खुर्चीत मी त्या वेळेला पहिल्यांदा बघत होते. तेव्हा डोक्यात आलं की मी आत्ता दुपारी काय सांगून बसले. ज्यांनी सहा वर्षं विचारलं नव्हतं त्यांचंही आणि ज्यांनी सांगितलं नव्हतं त्यांचंही, दोघींचं मी एका दमात उघडं केलं होतं. भाजी वाढून ठेवली आणि खोलीत जाऊन बसले.

उन्हाळ्यात पत्र आलं. अशी पत्रं जेवणाच्या टेबलावर वाचतात. मी ताक घेऊन उभी होते. मोठ्या सिस्टरांनी वाचलं की आमच्या सिस्टरांनी अमक्या शहरातल्या शाळेच्या ऑफिसात जायचं. सिस्टर म्हणाल्या, "ठीक आहे," आणि शेजारणीकडे डाळ मागितली. झालं. एवढंच. आमच्याकडे गाईची जागा बदलली तरी चार जण जास्त बोलतात.

दहा दिवसांत निघायचं होतं. एक ट्रंक. बाकी जे वापरलं ते घराचं, ते घरातच ठेवायचं. बीपीचं मशीन राहिलं, छत्री राहिली, बस्तीत न्यायची ती कापडी पिशवी राहिली. मी साड्यांच्या घड्या घालायला गेले होते. तिथेच बोलून टाकलं.

"सिस्टर, मदरना मीच सांगितलं. तुम्ही रोज जाता म्हणून."

"मग? खोटं सांगितलं का?"

"नाही."

"सहा वर्षं झाली, ताई. सहा वर्षांनी जातात." मग माझ्या हातातली साडी घेतली. "ही घडी वाकडी आली. परत घाल."

यावरून काय समजायचं? मी मोठ्या सिस्टरांच्या गुडघ्यांना तेल लावताना हळूच विषय काढला. त्या म्हणाल्या, "मी मागितलं होतं एक वर्ष. मिळेल असं वाटलं होतं." एवढं बोलून डोळे मिटून घेतले. मला ते पुरे होतं. मिळणार होतं, आणि मग मी बोलले.

त्यांच्या जागी आल्या त्या तरुण, झारखंडच्या. स्वभावानं गरीब. नियम म्हणजे नियम. मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता बस्तीत जायच्या आणि घंटेच्या आत परत. चार वाजता बस्तीत असतात म्हाताऱ्या आणि कुलपं. दोन महिन्यांनी मला म्हणाल्या, "आप बोल दो ना उनको, चार बजे घर पे रहें." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना जे सांगितलं तेच त्या करत होत्या. मिरच्यांच्या गोदामाला कसं सांगायचं, ते मात्र मला माहीत नव्हतं.

मग मीच जायला लागले. कणीक मळून, भाजी करून ठेवायची, मोठ्या सिस्टरांना आधीच विचारून, साडेसहाला त्या सगळ्या चॅपलमध्ये गेल्या की निघायचं आणि साडेसातला वाढायला परत. जाऊन येऊन हातात पाऊण तास. मला काय येतं? बीपी बघते. दवाखान्याचा कागद बोट ठेवून ठेवून वाचते, इंग्रजी आलं की थांबते. रडणाऱ्या बाईला काय बोलायचं ते अजून जमत नाही, तिच्याजवळ नुसती बसते.

"आली बघा, बिनक्रुसाची सिस्टर," मावशी म्हणायची. "आणि घड्याळ कुणाला दाखवतेस? बस की जरा."

"वाढायचं आहे गं."

"त्या कधी घड्याळ बघत नव्हत्या."

हे ऐकलं की मला परत तेच. परत येताना चढावर दम लागायचा. पाय दुखले तरी कुरकुर करायची सोय नव्हती, कारण मनात हिशोब सरळ होता: माझ्यामुळे गेल्या, तर मी जायचं. महिनोन्महिने गेले. ताप आला तरी गेले. पुढे पुढे कोण बाई काय सांगते तेही डोक्यात शिरेना. हो हो म्हणायचं आणि पट्टा दंडाला गुंडाळायचा.

या वर्षी व्हिजिटेशनला परत भाकऱ्या झाल्या, परत मला बोलावलं. मी ठरवलं होतं की विचारतील तेवढंच बोलायचं. मदरनी विचारलं, नव्या सिस्टर बस्तीत जातात का?

"जातात. मंगळवार, शुक्रवार. वेळेवर येतात."

"और बाकी दिन?"

खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं बोलायची धास्ती. "बाकीच्या दिवशी मी जाते. स्वयंपाक करून. मोठ्या सिस्टरांना विचारून."

"रोज?"

तोच शब्द. मी मान हलवली.

मदरनी या वेळी पेनाला हात लावला नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. "थकती नहीं हो?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "थकते."

"आपकी सिस्टर ने भी यही कहा था," मदर म्हणाल्या. "पिछली बार, इसी कुर्सी पे बैठके. बोलीं, मदर, मैं बहुत थक गई हूँ, मुझे कहीं और भेज दो. आपसे पहले मिली थीं मुझे."

मी त्या खुर्चीकडे बघितलं. लाकडी, वेताची, एका हाताला दोरा गुंडाळलेला.

"मैं समझी आपको पता होगा," मदर म्हणाल्या.

मला काय पता असणार. सहा वर्षं मी त्यांच्या मागून पिशवी घेऊन चालले. चहा घेता का विचारलं, छत्री घेतली का विचारलं. थकलात का, असं एकदाही विचारलं नाही. मावशीनंही नाही. आम्हाला वाटायचं, त्या सिस्टर आहेत. मदर माझं तोंड बघून, मला बरं वाटावं म्हणून तर बोलल्या नसतील, असंही नंतर मनात आलं. माझं मन तसंच आहे. पण मग ते डाळ मागणं आठवलं. त्या टेबलावर पत्र ऐकताना त्यांचे खांदे खाली आले होते. मी ते दुःख समजले होते.

"अब कैसी हैं त्या?" मी अर्धं हिंदी, अर्धं मराठी विचारलं.

"अच्छी हैं. शाम को प्रार्थना में सो जाती हैं कभी कभी," मदर म्हणाल्या, आणि हसल्या. "आज आप मत जाना बस्ती. मैं कहती हूँ."

साडेसहाला घंटा झाली. मी कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि धुण्याच्या दगडावर बसले. चॅपलमधून त्यांचं गाणं येत होतं. पिशवी खुंटीला होती. मावशी वाट बघत असेल, कुणाची तरी गोळी संपली असेल, उद्या टोमणा मिळेल, हे सगळं डोक्यात चालूच होतं. तरी बसले. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा मावशी म्हणालीच, "काल कुठे मेली होतीस?"

"बसले होते," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग पाट सरकवला आणि स्वतःचे लाल झालेले हात पुढे केले. मी विचारलं, "थकलीस का गं?"

"हे काय विचारणं झालं," मावशी म्हणाली. मग आपल्याच तळव्यांकडे बघत म्हणाली, "थकले की."

मी दह्याची वाटी घेतली.