ऑर्वा डेल आणि पुढच्या मोसमाची फळी

ऑर्वा डेल पिकर्डविषयी कुणीतरी चार ओळी लिहाव्यात असं चर्चमध्ये ठरलं. बाकीचे नाही म्हणाले, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी जन्मभर औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. त्याहून लांब असं काही माझ्या हातून लिहून झालेलं नाही. जमेल तसं सांगतो. चुकेल तिथे ऑर्वा डेल स्वतःच दुरुस्त करील, तिला ते आवडतं.

आमच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर बुधवारी संध्याकाळचं जेवण असतं आणि तिथलं स्वयंपाकघर ऑर्वा डेलच्या ताब्यात असतं. पूर्वी ती शाळेच्या कँटीनमध्ये होती. नवरा हॉइट कोंबड्यांचा ट्रक चालवायचा, तो गेला. मुलगी टल्सा शहरात असते. गुडघे दुखतात म्हणून ऑर्वा डेल कॉलेजच्या स्टेडियमच्या पायऱ्या चढत नाही. तिथला अमेरिकन फुटबॉलचा सामना किती गुणांनी जिंकला हेही तिला पुष्कळदा दुसऱ्या दिवशी कळतं. तिला रस असतो तो फक्त बॉल फेकणाऱ्याच्या पुढे वाकून उभ्या राहणाऱ्या पाच जणांत.

हे वेड तिला कसं लागलं ते तिनेच एकदा सांगितलं. हॉइट टीव्हीपुढे बसून बॉल फेकणाऱ्याचं, म्हणजे क्वार्टरबॅकचं, कौतुक करत होता. तिने विचारलं, की त्याच्यापुढे हे पाच जाडजूड पोरगे दर खेपेला धडका घेताहेत आणि पडताहेत, ते कोण? हॉइटला दोघांचीच नावं आली. तिला त्याचा राग आला. ज्यांच्यामुळे हा उभा आहे त्यांची नावं गावाला माहीत नाहीत, याला काय अर्थ आहे, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून ती त्या फळीची झाली.

पुढे फळीचा कोच आपल्या पोरांना बुधवारी आमच्या हॉलमध्ये जेवायला पाठवू लागला. पोरं मैदानावर जशी उभी राहत तशीच बाकावर बसत. डावीकडचा डावीकडे, मधला मध्ये, आणि समोरच्या बाकावर दुसरी फळी, म्हणजे कुणी पडला तर त्याच्या जागी जाणारे. कोण कुणाशेजारी बसलं हे वाढण्याच्या खिडकीतून पाहत ऑर्वा डेल पुढच्या मोसमाचा अंदाज बांधायची. कोण पदवी घेऊन जाणार, कोण आतल्या जागेवरून कडेला सरकणार, कोणाचं वजन अजून भरायचं आहे, सगळं. गुरुवारी सकाळी लमार स्टाइल्स नावाच्या न्हाव्याच्या दुकानात पुरुषमंडळी तिची वाट पाहत. तिला केस कापायचे नसत, पण एक खुर्ची तिची होती.

तिचे अंदाज नेहमी खरे ठरत असं नाही. एका वसंतात तिने एक पोरगा पार डाव्या टोकाला पक्का करून टाकला, कारण तो महिनाभर तिथेच बसत होता. शरद ऋतूत तो आत खेळताना दिसला. चौकशी केली तेव्हा कळलं, की तो डावखुरा होता आणि जेवताना कोपर लागतं म्हणून इतरांनीच त्याला टोकाला हाकललं होतं. लमार अजून तिला विचारतो, “काय गं ऑर्वा डेल, यंदा कोपरं मोजलीस का?”

त्या जेवणातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मैदानावर मधला गडी बॉल मागे क्वार्टरबॅककडे सोडत नाही तोवर फळीतल्या कुणीही हलायचं नसतं. जरा हललं तरी दंड म्हणून संघाला मागे सरकावं लागतं. पोरांनी हाच नियम जेवणाला लावला होता. प्रार्थना संपून आमेन झालं, की मधला काटा उचलेपर्यंत कुणी काट्याला हात लावायचा नाही. जो लावील त्याने सगळ्यांची ताटं धुवायची. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जुन्यांकडून नव्यांकडे आपोआप जात होतं.

गेल्या वसंतात फळीतले तिघे पदवी घेऊन गेले. त्यांत मधलाही होता. त्याच्या मागे टॅव्हेरियस बून नावाचा पोरगा इतकी वर्षं दुसऱ्या फळीत थांबला होता. नदीकाठच्या गावचा, मोठ्या हाडाचा, बोलायला गोड. जेवण झाल्यावर सगळे निघून जात, हा हॉलमधल्या घडीच्या खुर्च्या मिटत बसे. पिठाची पोती आत आणून ठेवी. ऑर्वा डेल त्याला सगळ्यांदेखत रागवायची आणि त्याच्या ताटात रश्शातले पिठाचे दोन गोळे जास्त टाकायची. मधली जागा आता त्याचीच, असं सगळं गाव धरून चाललं होतं.

मग टेक्सासहून कुबेना आला. रुंद, अबोल, दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेला. तोही मधल्याच जागेचा. त्याच सुमारास फळीला नवा कोच मिळाला आणि त्याने रोज सगळ्यांची अदलाबदल सुरू केली. आज हा मध्ये, उद्या तो. बुधवारी कुठेही बसा म्हणाला. ऑर्वा डेलची खिडकी आंधळीच झाली. कुबेना एका टेबलाच्या टोकाला, टॅव्हेरियस दुसऱ्या बाजूला, मध्ये भलतेच कुणी. यातून काय वाचायचं?

टॅव्हेरियसचं खेळायचं एकच वर्ष उरलं होतं. ओहायोतल्या एका कॉलेजचा कोच त्याला फोन करत होता, की आमच्याकडे ये, मधली जागा तुझी. जायचं तर त्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत बदलीसाठी नाव नोंदवायला हवं होतं. राहिला आणि दुसऱ्या फळीतच बसला, तर एकदाही पहिल्यात उभा न राहता त्याचा खेळ संपणार होता. इथला कोच काही सांगत नव्हता. गावात ज्याला त्याला तो विचारी आणि जो तो सांगे, “अरे, तुझीच जागा आहे ती.” मीही तसंच म्हणालो होतो. आपल्या पोराला आणखी काय म्हणणार?

त्या बुधवारी कोंबडीच्या रश्शात शिजवलेले पिठाचे गोळे होते. मी आत ट्रे पुसत होतो. आमचे पाद्री ब्रदर फेल्डन यांची प्रार्थना लांबली आणि एकदाची संपली. ऑर्वा डेल खिडकीशी उभी होती आणि तिच्या हातातली पळी तशीच राहिली, म्हणून मीही बाहेर पाहिलं.

सगळी पोरं थांबली होती. त्या टेबलावर मधला असा कुणी नेमलेलाच नव्हता, तरी थांबली होती. कुबेना आपला मक्याच्या पावाला लोणी लावत होता, सावकाश, कडेपर्यंत. त्याचं कुणाकडे लक्ष नव्हतं. शेजारच्याने त्याला ढोसलं तेव्हा त्याने मान वर केली, जरा लाजला आणि काटा उचलला. त्यासरशी सगळे काटे उचलले गेले.

टॅव्हेरियसचाही. तोही इतका वेळ कुबेनाकडेच पाहत होता. आपण थांबलो होतो हे त्याच्या ध्यानात आलं नसावं, कारण लगेच तो कुणाची तरी थट्टा करत जेवू लागला.

ऑर्वा डेलने पळी रश्शात सोडली आणि मला म्हणाली, की ट्रे ओलेच ठेवतोयस, डॉक. औषधं विकली म्हणून सगळे मला डॉक म्हणतात.

गुरुवारी लमारकडे गर्दी होती. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, की यंदा मधल्याचं मला सांगता येत नाही. लमारने वस्तरा खाली ठेवला.

“ही बाई नाही म्हणतेय. ऐकलंत ना सगळ्यांनी? आता पाऊसही खालून वर पडेल.”

कुणीतरी म्हणालं, की तिला ठाऊक आहे, सांगत नाही. मग लमार तिच्याजवळ येऊन हळू आवाजात बोलला. हळू म्हणजे त्याच्या मानाने. दुकानात सगळ्यांना ऐकू गेलं.

“हे बघ, पोरगा तुझ्या शब्दावर आहे. पहिला आहेस म्हण, राहील. दुसरा निघाला तरी कुबेनाचा पाय मुरगळायला किती वेळ लागतो? मागे कुणीतरी हवाच ना आपल्याला.”

“आपल्याला हवा,” ऑर्वा डेल म्हणाली. “त्याला काय हवंय?”

“तुला तो नकोय का इथे?”

यावर ती उठली आणि निघून गेली. कोट खुर्चीवरच राहिला. तो मी नंतर नेऊन दिला.

कोट द्यायला गेलो तेव्हा ती चर्चच्या स्वयंपाकघरात पावटे सोलत होती. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी अंत्यविधीचं जेवण होतं. मीही बसलो सोलायला. तिने मला विचारलं, की काल मी काय पाहिलं. मी पाहिलेलं सांगितलं. मग ती म्हणाली, की तो राहावा असं मला वाटतं, आणि त्या इच्छेला भुलू नये म्हणून मी कदाचित मुद्दाम उलटंच बघत असेन. तू काय म्हणतोस? मी म्हणालो, की मी तर त्याला पहिला म्हणून बसलोय, मला विचारून उपयोग नाही. ती हसली. एवढ्यात टॅव्हेरियस आला.

तो दारातच उभा राहिला. बसला नाही.

“मिस ऑर्वा, लमारकाका म्हणाले तुम्हाला माहीत नाही.”

“लमार पुष्कळ बोलतो. बस.”

“उभाच बरा आहे मी, मॅम.”

तिने हात पुसले. मी उठून जाऊ लागलो, तर तिने मला नजरेनेच खाली बसवलं.

“तू दुसरा आहेस,” ती म्हणाली. “मला वाटतं तू दुसरा आहेस. मी याआधी चुकलेय, आताही चुकत असेन.”

त्याने आमच्या पुढ्यातल्या टोपलीकडे पाहिलं. मग म्हणाला, “कशावरून?”

“काल आमेन झाल्यावर तू कुणाकडे बघत होतास?”

तो ते आठवत होता, हे आम्हाला दिसत होतं. त्याच्या कपाळावर आठी आली, मग गेली.

“बापरे,” तो अगदी सावकाश म्हणाला. “मी थांबलो की.”

“थांबलास.”

“मला कळलंसुद्धा नाही, मॅम.”

“ठाऊक आहे. म्हणून तर खरं वाटलं मला ते.”

मग तो बसला. टोपलीतली एक शेंग घेऊन सोलू लागला आणि दाणे चुकून सालींत टाकले. ऑर्वा डेलने ते निवडून बाजूला केले. त्याने विचारलं, की मी राहावं असं तुम्हाला वाटत नाही का. ती म्हणाली, “वाटतं ना. फार वाटतं. तुझ्यानंतर या खुर्च्या कोण मिटणार, हा डॉक? याला वाकता येत नाही.” खरंच येत नाही मला.

“सगळ्या गावाने मला पहिला म्हटलं,” टॅव्हेरियस म्हणाला, “आणि रोज रात्री मी जागा राहायचो. ओहायोचा कोच पहिला म्हणतो तेव्हाही राहतो.”

“ओहायोचं मला काय ठाऊक? तिथली पोरं मी जेवताना पाहिलेली नाहीत.”

तो हसला. उरलेल्या शेंगा आमच्याबरोबर सोलल्या आणि शुक्रवारी नाव नोंदवून टाकलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी निघून गेला.

ऑक्टोबरात कुबेनाचा घोटा मुरगळला. त्याच्या जागी कोवळा, नुकताच भरती झालेला पोरगा उभा करावा लागला. त्याच्या हातून बॉल दोनदा क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून गेला आणि आम्ही घरच्या मैदानावर हरलो. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर दोघातिघांनी ऑर्वा डेलकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. लमारने मात्र तोंडावर सांगितलं, की तुझ्या खरेपणाने आपला सामना घालवला.

“तो दुसराच होता, लमार,” ती म्हणाली.

“आज पहिला झाला असता.”

“झाला असता,” ती म्हणाली. हे तिने चटकन मान्य केलं. त्या गुरुवारी ती तिच्या खुर्चीत बसली, पण नेहमीपेक्षा लवकर उठली. तिला ते लागलं होतं. मला वाटतं तिने त्या दिवसांत पुष्कळदा मनात हिशेब केला असेल, की खोटं बोलले असते तर काय झालं असतं. मी विचारलं नाही.

शनिवारी दुपारी मी तिच्याकडे जातो. ओहायोच्या त्या कॉलेजचे सामने आमच्याकडे टीव्हीवर लागत नाहीत, पण तिच्या मुलीने काहीतरी जोडून दिलंय, त्यावर दिसतात. टॅव्हेरियस तिथे पहिल्या फळीत मध्ये उभा राहतो. उभा म्हणजे वाकलेला. त्याची पाठ तेवढी दिसते. बॉल गेला की कॅमेरा बॉलमागे पळतो आणि माझी नजरही जाते. ऑर्वा डेलची जात नाही. चित्र सरकून ती जागा पडद्याबाहेर जाईपर्यंत ती जिथून बॉल सुटला तिथेच बघत असते.

एकदा तिने चित्र थांबवायला लावलं. चष्मा बदलून जवळ गेली.

“उजवा पाय मागे ठेवतोय,” ती म्हणाली. “समोरच्याला कळतंय हा कुठे जाणार ते. त्याला कुणी सांगितलं की नाही?”

मी म्हणालो, की एवढा मोठा कोच आहे तिथे, सांगितलंच असेल. तिला ते पटलं नाही. फोन माझ्याकडे देऊन निरोप लिही म्हणाली, तिला ती बारीक अक्षरं टोचता येत नाहीत. ‘पाय मागे पडतोय’ एवढंच लिहायचं होतं. मी आधी ‘छान खेळतोयस’ लिहिलं होतं, ते तिने खोडायला लावलं, मग थोडं थांबून पुन्हा लिहायला लावलं, पण पायाच्या नंतर.

सोमवारी उत्तर आलं, ‘हो, मॅम. दाखवलं मी कोचना.’

पुढच्या शनिवारी पाय जागेवर होता की नाही, ते मला काही दिसलं नाही. तिला विचारलं.

“थोडासा आलाय जागेवर,” ती म्हणाली आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.