तीन लीगची एक

आम्ही कोल्हापूरकर, फुटबॉल रक्तातच. कॉलेजच्या टीममध्ये राइट विंगला खेळायचो तेव्हा निम्मं गाव मला ओळखायचं. आणि शारजात येऊन करत काय होतो, तर आमच्या लेबर कॅम्पमागच्या वाळूत, दोन ड्रम मांडून केलेल्या गोलसमोर बॉलमागं पळत होतो. सहा दिवस साइट, शुक्रवारी दुपारची नमाज झाली की मॅच. त्या एका मॅचसाठी आठवडाभर जीव नुसता तळमळायचा.

त्यातही सगळा सावळा गोंधळ. टीम पंधरा आणि लीग तीन! रत्नागिरीवाल्यांची वेगळी, केरळवाल्यांची वेगळी, आम्हा उरलेल्यांची तिसरी. तिघांचे तीन चॅम्पियन, तिघंही छाती काढून फिरणार. अरे, एकमेकांशी खेळलाच नाही तर कसले डोंबलाचे चॅम्पियन? मी वैतागून म्हणायचो, "एकच लीग करा, आठ तगड्या टीमची. खलास!"

"आणि बाकीच्या सात टीमनी काय करायचं, भाई?" माझा रूममेट विचारायचा. तो रत्नागिरीकडचा, प्लंबर, पण खेळायचा आमच्याच टीममध्ये, गोलकीपर. खेळ बेताचा, हौस दांडगी. आमची टीम कायम तळाला. आठात येणं शक्यच नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

शेवटी आठ टीमची एकच लीग करायची का, यावर कॅफेटेरियात मीटिंग ठरली. टीममागं एक मत, तेही चिठ्ठीवर. कॅप्टन म्हणून मी जाणार होतो. पोरांनी बजावलं, "नाही लिहून ये." मी मान डोलावली. आदल्याच शुक्रवारी एका मोठ्या टीमच्या कॅप्टननं मला बाजूला घेतलं होतं, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. "लीग एक झाली तर आमच्या राइट विंगला तू," असं तो म्हणाला होता.

मी चिठ्ठीवर 'हो' लिहिलं.

निकाल लागला आठ विरुद्ध सात. म्हणजे माझ्या एका चिठ्ठीनं झालं सगळं. खोलीवर येऊन पोरांना म्हणालो, "एका मतानं गेलं रे." रूममेटच पुढं झाला, "तू तरी एकटा काय करणार, भाई?" च्यायला, त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढचे आठ दिवस मला धड जेवण गेलं नाही, धड बसवत नव्हतं. खरं सांगावं म्हणून तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा चहाचं विचारलं.

लीग एकच हवी होती, हे आजही मी कुणाशीही भांडून सांगेन. माझं म्हणणं बरोबर होतं. मी वागलो ते बरोबर नव्हतं.

नव्या लीगच्या पहिल्या मॅचला मी त्या मोठ्या टीमकडून खेळायला निघालो, तर रूममेटनं पलंगाखालून स्वतःचे बूट काढले. घासूनपुसून ठेवलेले.

"तुझे फाटलेत. हे ने. मला आता कुठं लागतात?"

एक नंबर मोठे होते. मी नाड्या आवळून बांधल्या आणि खेळायला गेलो.