मनुबाईची दोन गाडगी

मनुबाईनं सुनेला माहेरी धाडलं त्याला तीन वर्षं होत आली होती. अंजनाची दोन पोरं लागोपाठ गेली. दोन्ही आठव्या दिवशी. तोंडात थान धरेनात, जबडा मिटला, अंग कमानीगत वाकलं आणि खेळ आटपला. असली पोरं सटवाई नेते, हे गावात सगळ्यांना ठाऊक. मनुबाई एवढंच म्हणाली, "ही सटवाई हिच्याच पदराला बांधून आलीया."

इस्लामपूरच्या त्या अंगाला मनुबाईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. सत्तावीस वर्षं सुईणपण केलेली, आडवं पोर नुसत्या हातानं फिरवून सरळ करणारी बाई. तिचा एकुलता हरिबा पलटणीत होता. त्यानं पत्रातनं कळवलं, "आई म्हणेल तसं." अंजनाची ट्रंक यष्टीच्या टपावर चढली आणि औंधला गेली.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यानं आसपासच्या सुइणींना शिकायला बोलावलं. शिकवायला विनोदिनी नावाची नर्सबाई, सांगलीची, काडीगत बारीक. हात साबणानं धुवायचे, दाढीची कोरी पत्ती उकळायची, दोरा उकळायचा, त्यांनीच नाळ कापायची-बांधायची आणि बेंबीला काही म्हणजे काही लावायचं नाही.

"राख बी न्हाई?" मनुबाईनं विचारलं.

"राख तर नाहीच नाही. शेणीच्या राखेतून धनुर्वात होतो."

"आवं बाई, तुमी बाळतपणं किती केलीसा?"

"चाळीसेक."

"मी हजारावर केली. सांगलीला असते तर तुमच्या आईचं बी मीच केलं असतं."

सगळ्या सुइणी तोंडाला पदर लावून हसल्या. नर्सबाईही हसली. म्हणाली, "मग माझं ऐकू नका मनुबाई. तुमचं तुम्ही मोजा. राखेची पोरं एकीकडे, पत्तीची एकीकडे. बारशापर्यंत किती राहतात ते बघा."

मनुबाईनं मोजायचं ठरवलं ते नर्सबाईचं नाक कापायला. लिहिता येत नव्हतं, म्हणून फळीवर दोन गाडगी ठेवली. एक राखेचं, एक पत्तीचं. पोर जन्मलं की पावट्याचं एक बी. बारशाआधी गेलं तर बरोबर कोळशाचा एक खडा.

दोन्ही गाडगी भरायला अडचण पडली नाही. कारण निम्मी घरं पत्तीला हातच लावू देईनात. ज्या विळ्यानं नाळ कापायची तोच पाचवीला पाटावर मांडून पुजायचा, ही रीत. बागायतदार लालासाहेबांची म्हातारी तर दारातच म्हणाली, "गड्याच्या दाढीची पत्ती पाटावर मांडू व्हय? सटवाई आली तर तिला काय सांगू, हजामत करून जा म्हनून?"

"तुमी म्हनाल तसं," मनुबाई म्हणायची आणि विळा नि राख काढायची. गरिबाघरी मात्र पत्ती चालून जायची. त्यांना विचारतंय कोण?

दीड वर्षानं नर्सबाई आली तेव्हा मनुबाईनं गाडगी पुढ्यात उपडी केली. राखेच्या गाडग्यात एकतीस बिया, पाच कोळसे. पत्तीच्या गाडग्यात चौतीस बिया, एक कोळसा. मनुबाईला मोजायची गरज नव्हती. महिनाभर तिचं त्या फळीकडं बघायचं धाडस होत नव्हतं.

"ह्यो एक काढून टाका," ती पत्तीच्या कोळशाकडं बोट करून म्हणाली. "ते पोर निळंच आलं हुतं. रडलं बी न्हाई."

"राहू द्या," नर्सबाई म्हणाली. "आपल्या सोयीचं नाही ते काढून टाकलं, की मोजणं खोटं होतं."

मनुबाईनं तो खडा पत्तीच्या बियांतच राहू दिला. मग तिनं शेवटची आडकाठी घातली. "राखंची घरं उपाशी असतील बाई. बाळतिणीला खायाला नसंल."

"आहेत का उपाशी?"

नव्हती. राखेची घरं उसाच्या मळ्यातली, दुधातुपातली. उपाशी होती ती पत्तीची.

मनुबाई कोळसे एकेक करून ओळीत लावत राहिली. हा बनुबाईच्या पोराचा. हा लालासाहेबांच्या नातवाचा. कुठल्या घरी चुलीतली चिमूटभर घेतली, कुठल्या घरी गोठ्यातली, सगळं आठवत होतं. विसरणारी बाई नव्हतीच ती.

"बाई," तिनं खाली बघत विचारलं, "राख जास्ती लावली तर?"

"जितक्या वेळा लावाल तितका धोका वाढणार. का हो?"

 परक्याच्या पोराला मनुबाई एकदा राख लावून निघून यायची. आपल्या नातवांना तिनं दिवसातनं तीनदा लावली होती. कपिला गाईचं शेण वेगळं थापून, त्या शेणीची राख वस्त्रगाळ करून. माया होती म्हणून.

दिवाळीला हरिबा रजेवर येणार होता. दुसरी पोरगी बघून ठेवली होती, सुपारी तेवढी फुटायची राहिली होती. मनुबाई गप्प राहिली असती तर लग्न लागलं असतं आणि सटवाई जन्मभर अंजनाच्याच पदराला राहिली असती. तिनं चार दिवस काढले. पाचव्या दिवशी कराडला यष्टी बदलून औंध गाठलं.

अंजना अंगणात मिरच्या निवडत होती. उठली नाही. मनुबाईनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, गाडग्यांसकट.

"आत्या," अंजना म्हणाली, "दुसऱ्याच्या येळंला मी म्हनले हुते, बेंबीला वास येतुया, राख नगं. तुमी म्हनला, दोन दिसाची बाळतीन मला शिकिवती."

"म्हनले हुते."

"हे कुनाकुनाला सांगितलंय?"

"तुलाच पैलं."

"मला ठावं हुतं. मला काय सांगताय? गावाला सांगा. ज्यांच्या म्होरं मला सटवी म्हनला, त्यांच्या म्होरं सांगा."

आठवड्यात गावातल्या केरबाच्या घरी पाचवी होती. नाळ पत्तीनं कापलेली, पाटावर विळा नव्हता. दिवेलागणीला बाया जमल्या. मनुबाईच्या मांडीवर बाळ होतं. तिनं आवाज चढवला नाही.

"अंजनाची पोरं सटवाईनं न्हेली न्हाईत. माझ्या राखंनं गेली. बने, तुझं बी. ह्या हातानं."

बनुबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. तिनं ते खाली ठेवलं, मनुबाईच्या हाताकडं बघितलं आणि बाहेर गेली. तिच्यामागं एकेक बाई उठली. बाळंतिणीनं मनुबाईच्या मांडीवरनं आपलं पोर उचललं आणि पदराखाली घेतलं.

लग्नाची बोलणी मोडली. हरिबा आला, ऐकलं, पिशवी उंबऱ्यावरनंच परत उचलली आणि औंधला गेला. तिथनं अंजनाला घेऊन परस्पर पलटणीच्या गावी. बाळंतपणाला मनुबाईला कुणी बोलवेनासं झालं. शेजारच्या वाडीवरनं दुसरी सुईण यायला लागली, विळा आणि राख घेऊन. मनुबाई तिच्या वाटेत उभी राहून सांगायची, त्या घरांच्या दारात जाऊन सांगायची. "आधी तुझी धू," असं एका घरानं ऐकवलं. दोन घरांनी ऐकलं.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात पोस्टकार्ड आलं. मास्तरांनी वाचून दाखवलं. मुलगा झाला. पलटणीच्या दवाखान्यात. बारसं झालं. एवढंच. या म्हणून नाही, येतो म्हणूनही नाही.

मनुबाईनं टोपलीतनं पावट्याचं एक बी घेतलं आणि पत्तीच्या गाडग्यावरचं झाकण काढलं.  पण ते बाळंतपण तिच्या हातचं नव्हतं. तिनं बी परत टोपलीत टाकलं आणि झाकण लावलं.