नंदीपाशी थांबणारा नगारा

धारूरच्या बाजारपेठेत शिवकन्येचं टीव्ही आणि कंप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. काम अडलं की तिला चेव चढायचा. एकच काम तिच्या हातून होईना, ते म्हणजे रुसलेल्या वडिलांची समजूत. जन्मभर महादेवाच्या आरतीला नगारा वाजवण्याचा मान विश्वेश्वरआप्पांचा. अर्धांगवायूनं उजवा हात गेला आणि आप्पांनी देवळाची पायरीच सोडली.

देवळाच्या समितीनं नगाऱ्याचं तयार यंत्र आणायचं ठरवलं, तेव्हा शिवकन्या भर बैठकीत बोलून बसली, "यंत्रच पाहिजे ना? मग त्यात माझ्या आप्पाचा हात वाजंल. शेवटच्या श्रावणी सोमवारपर्यंत दम धरा."

आप्पांच्या नगाऱ्याची जुनी कॅसेट घरात होती. ती ऐकून ऐकून तिनं ठोका न् ठोका कंप्युटरात भरला. हे ठोके कंप्युटरच्या प्रिंटरच्या पोर्टातून बाहेर काढता आले असते, पण ते विजेच्या झटक्यानं जळालेलं, म्हणून यूएसबीला जोडायची नवी चिप पुण्याहून मागवली. चिपनं इशारा करायचा, त्यासरशी चुंबक ओढला जायचा आणि टिपरी नगाऱ्यावर पडायची. बेत झकास होता!

पण नगारा पहिल्याच दिवशी लंगडला. एक ठोका उशिरा, पुढचे दोन एकदम. शेजारचा कापडवाला बद्रीनाथ डोकावला. "नगारा हाय का पत्र्यावर वानरं नाचायलीत?"

शिवकन्येला राग येण्याऐवजी हुरूपच आला. चूक कानाला ऐकू येतेय म्हणजे ती सापडणार! केबल बदलली, चुंबक तपासले, आणि मग तिची ट्यूब पेटली. कंप्युटर दर ठोक्याला वेगळा हुकूम पाठवत होता आणि हुकूम वाटेत रेंगाळत होते. तिनं ठोके ओळीनं आगाऊच चिपकडं पाठवले आणि एकेक बाहेर सोडायचं काम चिपच्या स्वतःच्या घड्याळावर सोपवलं. नगारा सुतासारखा सरळ आला. शिवकन्येनं दुकानातच फुगडीची गिरकी घेतली.

तरी एक खोड जाईना. प्रत्येक कडव्याच्या शेवटी नगारा क्षणभर गप्प व्हायचा. तिनं वेग बदलून पाहिला, दुसरी चिप लावली, पण ते गप्प बसणं जागचं हलेना. शेवटी वैतागून तिनं ती मोकळी जागाच कापून टाकली आणि सगळा पसारा घरी नेऊन आप्पांसमोर वाजवलं.

आप्पा आधी भिंतीकडं तोंड करून पडले होते. मग त्यांचा डावा हात हळूच मांडीवर ठेका धरू लागला. कडवं संपलं, नगारा पुढं गेला आणि आप्पांचा हात हवेतच थांबला.

"का म्हून पळायलीस गं? आरतीचं ताट नंदीकडं वळायचंय अजून."

शिवकन्येनं कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटली. दर कडव्यानंतर पुजारी ताट नंदीकडं वळवतो, तोवर नगारा थांबतो, ही इथली रीत. लहानपणापासून पाहिलेली! गुन्हेगार म्हणून ती ज्याच्या मागं लागली होती, ती कॅसेटमधून उतरलेली आप्पांचीच थांबायची जागा होती.

"बरं, थांबायचं किती?"

"ते कसं सांगावं? पुजाऱ्याचे गुडघे धरले की लई येळ लागतो. डोळे ताटावर ठिवायचे, बस."

"आता मशीनला डोळे कुठून आणू, आप्पा?" ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता आप्पांच्या तोंडाकडं पाहतच राहिली.

शेवटच्या श्रावणी सोमवारी देवळात नगाऱ्याशेजारी खुर्ची होती. खुर्चीवर आप्पा होते आणि त्यांच्या डाव्या मुठीत दारावरच्या घंटीचं बटण होतं, तार चिपला जोडलेली. पहिलं कडवं संपलं, नगारा थांबला. पुजाऱ्याचे गुडघे त्या दिवशी भलतेच कुरकुरत होते. सगळा मंडप श्वास रोखून उभा. ज्योत नंदीच्या तोंडावर आली, आप्पांनी बटण दाबलं आणि नगारा असा कडाडला की शिवकन्येच्या अंगावर सरसरून काटा आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पांना देवळात न्यावं म्हणून ती दुकान लवकर बंद करून घरी आली. खाट रिकामी होती. आरतीला उशीर नको म्हणून आप्पा कधीचेच पुढं गेले होते.